वाक्यात उपयोग करा: जुन्या पुस्तकांतले वाक्प्रचार, मूळ वाक्यांसकट

अर्धविराम (धागाकर्ता)

लेक सहावीत आहे. परवा गृहपाठाला दहा वाक्प्रचार होते, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्यातला एक 'हातघाईवर येणे'. तिने लिहिलं: "सकाळी रिक्षाची वेळ झाली की आई हातघाईवर येते." बाईंनी लाल गोल केला आणि अर्धा मार्क कापला. बायकोने वही बघितली आणि म्हणाली, "काय चुकलंय यात? खरंच आहे की!"

मीही आधी हसलो. मग वाटलं, पोरीचं काय चुकलं? हात आणि घाई, दोन्ही शब्द तिला रोज दिसतात. हातघाई म्हणजे बाण, बंदुका बाजूला पडून माणसं अंगाला अंग भिडवून लढू लागतात ती वेळ, हे तिला कळणार कुठून? गाईडमध्ये लिहिलंय 'निकराला येणे'. निकर म्हणजे काय ते पुढच्या इयत्तेत.

आपण सगळ्यांनी हेच केलंय. आनंद गगनात न मावणे: पहिला नंबर आल्यावर राजूचा आनंद गगनात मावेना. डोळे पाणावणे: निरोप घेताना आईचे डोळे पाणावले. ही वाक्यं अर्थावरून शिवलेली. पण वाक्प्रचार त्याआधी कुणाच्या तरी खऱ्या वाक्यात होता. तिथून तो तुटला आणि आपल्यापर्यंत तुकडा आला. कधीकधी तुकड्याचा अर्थ अख्ख्या वाक्याच्या बरोब्बर उलटा असतो.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण त्याच शाळेच्या भिंतीवर आहे. फाटकातून आत शिरलं की समोर हातभर अक्षरांत: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' खाली व्यायाम करणाऱ्या मुलाचं चित्र. आता हा श्लोक वामनपंडिताचा, भर्तृहरीच्या नीतिशतकावरून मराठीत आणलेला. पहिल्या ओळीत वाळूतून तेल निघेल. दुसरीत मृगजळ पिऊन तहान भागेल. तिसरीत रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल. आणि चौथी ओळ म्हणते, 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना'. म्हणजे श्लोक प्रयत्नाचं कौतुक करायला लिहिलेलाच नाही. एक वेळ वाळूतून तेल निघेल, पण मूर्खाची समजूत काढायच्या फंदात पडू नका, असं तो म्हणतो. आणि हे आपण शाळेच्या दारात रंगवून ठेवलंय!

तर या धाग्यावर जुन्या साहित्यातला एखादा वाक्प्रचार किंवा ओळ आणा, पण एकटी आणू नका. तिच्या घरच्या माणसांसकट आणा.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. चौथी ओळ वाचून ऑफिसात फुटलो.

माजघर

छान धागा. मी पोथ्यापुराणांतली नाही, कहाण्यांतली. आमच्याकडे श्रावणात सासूबाई कहाण्या वाचायच्या आणि आम्ही हातात अक्षता घेऊन बसायचो. 'घेतला वसा टाकू नये' हे आता भाषणात, सत्कारात, कुठेही ऐकू येतं. कुणी बँकेतून निवृत्त झालं तरी 'त्यांनी घेतला वसा टाकला नाही'. पण आदित्यराणूबाईच्या कहाणीत तो उपदेश नाही हो, ते भांडण आहे. वसा विचारायला आलेल्याला आधी झिडकारतात: "तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील." आणि तो म्हणतो, "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही." मागणाऱ्यावर भरवसा नाही, म्हणून आधी खुंटा हलवून बघायचा.

'उतणे' मला फार आवडतं. दूध उतू जातं तसा माणूस उततो. हाती पैसा आला की कड सोडून बाहेर. 'मातणे'ला निदान 'माजणे' हा भाऊ आहे, 'उतणे' माणसाच्या बाबतीत आता कुणी वापरत नाही. दुधापुरतं उरलं.

आणि शेवटचं 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'. लहानपणी मला वाटायचं साठा म्हणजे गोडाऊन. साठ उत्तरांची मोठी गोष्ट पाचांत आटोपली, असं सांगणारी प्रामाणिक बाई होती ती. आजकालच्या मालिकावाल्यांनी शिकावं.

गनिमी कावळा

माझ्या आवडीचा विषय. बखरी आणि जुनी पत्रं वाचताना पहिले सहा महिने मी सगळं चुकीचं वाचत होतो, कारण शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ अनोळखी असतात.

'कामास आले'. लढाईच्या वर्णनात 'अमुक सरदार कामास आले, दोनशे माणूस कामास आले' असं दिसलं की आधी वाटायचं, वा, मदतीला धावले. नाही. मेले. रणात पडले. धन्याच्या कामात देह गेला तो 'कामी आला'. हिंदीतल्या 'काम आना'लाही हा अर्थ आहेच.

'गर्दीस मिळवणे'. इथली गर्दी माणसांची नाही. फारसी 'गर्द' म्हणजे धूळ. शत्रूला गर्दीस मिळवला म्हणजे धुळीत घातला. प्रतापराव गुजरांना महाराजांनी पाठवलेला निरोप सांगतात ना, बहलोलखानाला गर्दीस मिळवल्याविना तोंड दाखवू नका, तिथे मी शाळेत असताना खानाला लोकांच्या घोळक्यात ढकलतायत असं चित्र डोळ्यांपुढे आणायचो.

'बाजारबुणगे' आता निव्वळ शिवी झालीय. बुणगे म्हणजे सैन्याचं सामानसुमान. फौजेबरोबर चालणारा बाजार, नोकरचाकर, बायकापोरं, यात्रेकरू, हे सगळं बाजारबुणगे. पानिपतावर भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर असे बिनलढाऊ लोक प्रचंड होते. १४ जानेवारी १७६१ला त्यांचे जे हाल झाले ते वाचल्यावर हा शब्द कुणाला हिणवायला वापरवत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका', हे महाराजांचं वाक्य म्हणून फ्लेक्सवर असतं. बहुतेकांना वाटतं ते सैनिकांना उद्देशून आहे. मूळ पत्र १६७६चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. मुलकी अधिकाऱ्याला! चोरी न करावी, इमानेइतबारे साहेबकाम करावे अशी तू शपथ घेतली आहेस, याची आठवण करून देऊन पुढे: 'भाजीच्या देठास तेही मन न दाखविता रास व दुरुस्त वर्तणे'. हात लावणं लांबच राहिलं, मन दाखवायचं नाही. म्हणजे इच्छासुद्धा होऊ द्यायची नाही. फ्लेक्सवाल्यांनी 'मन'चा 'हात' करून हुकूम सौम्य केला. त्याच पत्रात पुढे ज्या कुणब्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या, आणि वसूल करताना वाढीदिढी न लावता मुद्दलच हळूहळू घ्या, असं आहे. 'इमानेइतबारे' आपण किती सैलपणे वापरतो ('त्याने इमानेइतबारे सगळे लाडू संपवले'), इथे मात्र ती शपथेची भाषा आहे.

अर्धविराम

गनिमी कावळा, दंडवत. 'मन न दाखविता'साठी खास. माजघर ताई, उतणे आजपासून परत वापरात घेतो. आमच्या सोसायटीत दोनचार उतलेले आहेत.

पऱ्हाटी

कावळेभाऊ, आमच्या वऱ्हाडात 'कामी येणं' रोज चालते. "ठेव तो डबा, कामी येईन." आमच्या बुढीनं ठेवलेले तीस वर्षांचे डबे कामी यायची वाट पाहून राह्यले. तुमच्या हिशेबानं ते सगळे रणात पडणार का?

गनिमी कावळा

पऱ्हाटीभाऊ, हाहा. डबे धारातीर्थी! दोन्ही अर्थ पूर्वीपासून आहेत, वाक्य ठरवतं. आसपास तलवार असेल तर मेला, डबा असेल तर उपयोगी पडला.

कीसपाड्या

धाग्याचा हेतू चांगला, पण सूर पटला नाही. 'मूळ अर्थ' हा खरा आणि आजचा खोटा, असं का? भाषा लोक चालवतात. 'लहानपण देगा देवा' म्हणताना माझ्या आजोबांना पुन्हा पोर व्हायचं होतं, आणि तुकोबांनी येऊन "नाही हो, माझा अर्थ वेगळा" असं सांगितलं नसतं. तुम्ही उद्या 'संक्रांत' म्हटलं की तिळगूळ आणि 'संक्रांत कोसळली' म्हटलं की पानिपत आठवा म्हणाल. बोलणाऱ्याला एवढं ओझं झेपत नाही.

अर्धविराम

खोटा मी कुठेच म्हटलं नाही. आजोबांचा अर्थ आजोबांपाशी राहू दे. पण तुकोबांचा अभंग दुसरीकडे जातोय, तो तर बघू: 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा.' पुढची ओळ 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार'. इथे लहानपणाच्या समोर म्हातारपण नाही, मोठेपण आहे. हत्ती एवढा मोठा, रत्नांत गणलेला, पण डोक्यावर अंकुश. मुंगीला साखर. 'ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण.' बालपणाचा संबंधच नाही, आकाराचा आणि मानाचा आहे. स्नेहसंमेलनात पोरांना फ्रॉक घालून या ओळीवर नाचवतात, नाचवू दे. पण नववीच्या मुलाने अर्थ लिहिताना 'कवीला बालपण आठवते' असं लिहिलं तर त्याचा अर्धा मार्क कापायला मी येईन. माझ्या लेकीचा गेला तसा.

अशीच दुसरी ओळ 'महापुरे झाडे जाती'. तो अभंग सुरू होतो 'नीचपण बरवे देवा' असा. आज कुणाला 'नीच' म्हणून बघा. तिथे नीच म्हणजे खालचा, वाकणारा, लव्हाळ्यासारखा.

कीसपाड्या

आकाराचं मान्य. सुराचं नाही.

टवाळ

आयडीमुळे मला अनेकदा ऐकवलं गेलेलं वाक्य घेऊन आलोय. 'टवाळा आवडे विनोद'. मी कुठेही विनोद केला की कुणीतरी समर्थांना मध्ये आणतं. दासबोधातली ओवी पूर्ण अशी: 'टवाळां आवडे विनोद । उन्मत्तास नाना छंद । तामसास अप्रमाद । गोड वाटे ॥'. कुणाला काय आवडतं याची यादी चाललीय. टवाळाला विनोद आवडतो, बरोबर. पण ज्याला ज्याला विनोद आवडतो तो टवाळ, हे समर्थांनी कुठे म्हटलंय? गाईला गवत आवडतं म्हणून गवत आवडणारा घोडा गाय होत नाही. हे तर्कशास्त्र मी एकदा एका काकांना समजावलं. ते म्हणाले, "बघा, टवाळ."

याच ग्रंथात दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं आणि शेवटच्या समासात पढतमूर्खाची. 'पढतमूर्ख' हा शब्द तिथून थेट आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत आलाय, अर्थात काडीचाही फरक नाही. कीसपाड्या यांनी नोंद घ्यावी, काही शब्द अजिबात बदलत नाहीत.

वाटसरू

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दूरदेशी

न्यू जर्सीत शनिवारी मराठी शाळा घेते. चोखोबांचा अभंग घेतला होता. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥'. एका मुलाने विचारलं, ऊस बाउलमध्ये का ठेवलाय? त्याला डोंगा म्हणजे भाजी वाढायचं भांडं माहीत, कारण घरी पार्टीला तेच निघतं! मला स्वतःला कळायला पस्तीस वर्षं लागली होती की इथे डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वाकडा असेल, रस वाकडा नसतो. पुढे 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा'. ज्या माणसाला देवळाच्या आत येऊ दिलं नाही त्याने स्वतःला वाकडा म्हणवून घेऊन आपला भाव सरळ असल्याचं सांगितलं, हे त्या मुलांना समजावताना माझाच आवाज लागेना. पहिली ओळ मात्र आपण 'दिसण्यावर जाऊ नका' इतक्या गुळगुळीत अर्थाने वापरतो. रंगाला कोण भुललं होतं आणि कुणाला बाहेर ठेवलं होतं, ते गाळून.

माजघर

दूरदेशी, वाचून गलबललं. 'वरलिया रंगा' लग्नाच्या स्थळांबाबत वापरलेलं ऐकलंय मी. आपण काय कशाला लावू सांगता येत नाही.

नांदी

नाटकवाल्यांचा हजेरीपट लावतो.

'पाऊणशे वयमान'. हल्ली पंचाहत्तरीच्या निमंत्रणपत्रिकेत चक्क छापतात, 'आमच्या बाबांनी पाऊणशे वयमान पूर्ण केले'. अहो! देवलांच्या 'शारदा'त (१८९९) ते पद म्हाताऱ्या नवरदेवाची खिल्ली आहे. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान'. कोवळ्या पोरीला थेरड्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्यांवरचा आसूड, आणि तो आपण केकवर लिहितो. सगळा डंख त्या 'अवघे'मध्ये आहे, आणि पत्रिकेत नेमका तोच गाळतात.

'तळीराम'. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तलं पात्र, नाटक १९१९ला रंगभूमीवर आलं. वर्तमानपत्रात 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा दर ३१ डिसेंबरला हमखास. एका पात्राचं विशेषनाम सामान्यनाम होऊन पोलिसांच्या बातमीत जाऊन बसणं, याहून मोठा पुरस्कार नाटककाराला काय मिळणार? गंमत म्हणजे नाटक ज्याच्या घसरणीचं आहे त्या सुधाकराच्या वाट्याला हे आलं नाही. लोकांनी शोकांतिकेचा नायक सोडला आणि प्याला भरणारा उचलला.

आणि 'नमनाला घडाभर तेल'. पूर्वी खेळ मशालींच्या, पलित्यांच्या उजेडात. नमनातच घडाभर तेल जळलं तर पुढच्या वगाला अंधार. आमच्या हौशी संस्थेत प्रमुख पाहुण्यांचं भाषण सुरू झालं की विंगेतून कुणीतरी हळूच म्हणतं, "तेल संपलं."

मोडी लिपी

'ध चा मा' अजून कसा नाही आला? ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावांचा खून. 'धरावे'चं 'मारावे' केलं, असा आळ परंपरेने आनंदीबाईंवर. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोषी ठरवलं ते राघोबादादांना, आणि प्रायश्चित्त सांगितलं देहान्त. म्हणजे न्यायाधीशाने नवऱ्याला धरलं आणि भाषेने बायकोला मारलं. 'काका, मला वाचवा' आज आपण चेष्टेत म्हणतो, मीही म्हणतो. पण कधीतरी वाड्यात उभं असताना म्हणून बघा. जीभ अडते.

त्याच घटनेचं शेपूट 'बारभाई'. राघोबांविरुद्ध कारभारी एकत्र आले ते बारभाई. आज 'बारभाई कारभार' म्हणजे पायपोस कुणाचा कुणाच्या पायात नाही असा गोंधळ. खऱ्या बारभाईंनी मात्र नारायणरावांच्या तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालवून दाखवलं आणि राघोबांना दूर ठेवलं. काम करून दाखवणाऱ्यांच्या नशिबी हा वाक्प्रचार आला.

'शिक्कामोर्तब' तर रोजच्या बातमीतला. ती दोन वेगळी कामं. शिक्का पत्राच्या माथ्यावर, आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपतो तिथे उठवायची छोटी मुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा संपली, याच्याखाली कुणी एक ओळ वाढवू शकत नाही. घोटाळे करणारे तेव्हाही होते, त्याशिवाय का ही सोय? व्हॉट्सॲपला मोर्तब हवं होतं. प्रत्येक फॉरवर्डखाली कुणीतरी आपलं शेपूट जोडतो.

रिकामटेकडा

रुमाल काढून बसायला आलो. माझ्याकडे एकच. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' १८९७, केसरी. आजही कुठल्याही सरकारवर कुणीही हे वापरतं आणि... (राजकारण नको, संपादक मंडळ बघतंय, थांबतो). मला यात आवडतं ते एवढंच, की 'डोके ठिकाणावर नसणे' हा घरातला, आई मुलाला म्हणते तसला वाक्प्रचार. तो उचलून साम्राज्याला लावला. आज त्याच्या जागी आपण 'प्रशासनाने याची गांभीर्याने दखल घ्यावी' लिहितो आणि कुणी दखल घेत नाही.

माजघर

आणि 'पण लक्षात कोण घेतो!' हरिभाऊंच्या कादंबरीचं नाव. 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. यमूची सगळी कहाणी त्या चार शब्दांत आहे. आमच्याकडे सासूबाई भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायच्या, "मी सांगितलं होतं, पण लक्षात कोण घेतो!" पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. मी वाचलं लग्नानंतर दहा वर्षांनी, आणि त्या वाक्यावर हसणं बंद झालं.

पाटकरी

कालव्यावर नोकरी केली, म्हणून पाण्याचंच बोलणार. 'नाही निर्मळ मन, काय करील साबण' असं सगळे म्हणतात. गाथ्यात 'मन' नाही. 'नाही निर्मळ जीवन । काय करील साबण ॥ तैसे चित्त शुद्ध नाही । तेथे बोध करील काई ॥'. जीवन म्हणजे पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबण लावून काय उपयोग? मग 'तैसे' म्हणून तुकोबा चित्तावर येतात. आपण पहिल्याच ओळीत 'मन' घातलं की 'तैसे'ला काही कामच उरत नाही. मनासारखं मन? कुणाला शंका असेल तर त्याच अभंगाचा शेवट बघा, 'तुका म्हणे जीवनेविण । पीक नव्हे नव्हे जाण'. पाण्याविना पीक नाही. पाण्यात उभं राहिलेल्या माणसाचा अभंग आहे हा, प्रवचनकाराचा नाही. आमच्या भागात टँकरचं पाणी आलं की बायका तुरटी फिरवून वाट बघत बसतात. त्यांना पहिली ओळ समजावून सांगावी लागत नाही.

कीसपाड्या

हे मात्र आवडलं. 'तैसे'ला काम उरत नाही, हे वकिलाला शोभेल असं वाचन आहे. सुराबद्दलची तक्रार अर्धी मागे घेतो.

'आलिया भोगासी'चं काय म्हणणं आहे तुमचं? मी गेली वीस वर्षं तारीख पुढे ढकलली की अशिलाला तेच ऐकवतो.

पाटकरी

'आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया ॥'. आपण 'आलिया भोगासी' म्हणून सुस्कारा सोडतो आणि तिथेच थांबतो. 'सादर' कुणी म्हणत नाही. सादर म्हणजे हजर, तयार, तोंड देऊन उभा. अशिलाला पुढचं सांगत जा, फी तेवढीच घ्या.

लाजाळू

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. एवढ्या जाणकारांत काय लिहावं म्हणून दोन दिवस नुसती वाचत होते. मग ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या अध्यायातली ओवी आठवली. 'राजहंसाचें चालणें । भूतळीं जालिया शाहाणें । आणिकें काय कोणें । चालावेंचि ना ॥'. राजहंसाची चाल डौलदार म्हणून बाकीच्यांनी चालूच नये का? हे लोक नवख्याला धीर द्यायला वापरतात. पण म्हणणारे स्वतः ज्ञानदेव आहेत, आणि राजहंस कोण तर व्यास! स्वतःला त्यांनी 'आणिक कोणी'मध्ये बसवलंय. बाबांनी मला ही ओवी दिली तेव्हा मी हे लक्षात न घेता नुसती खूश झाले होते.

टवाळ

लाजाळू, स्वागत. इथे राजहंस कुणी नाही. एक कावळा आहे, तोही गनिमी.

अर्धविराम

धागा इतका वाहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांची नावं घेत नाही, वाचनखूण साठवली आहे, आणि हातघाईबद्दल बाईंशी बोलायचं म्हणून काल शाळेत गेलो होतो. बाई भल्या निघाल्या. म्हणाल्या, "वाक्य मला पण आवडलं होतं, पण उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात बसत नव्हतं." वर म्हणाल्या की त्यांच्या घरीही सकाळी हीच अवस्था असते. अर्धा मार्क मिळाला नाही तो नाहीच.

'वाळूचे कण'वाली भिंत मात्र नव्याने रंगवली आहे. व्यायाम करणारा मुलगा गेला. आता तिथे ओळीने सहा नळ बसवलेत, हात धुण्यासाठी, आणि वर निळ्या अक्षरांत सुबक लिहिलंय: 'नाही निर्मळ मन, काय करील साबण'. पाटकरी, तुमचीच आठवण आली. लेक म्हणाली, "बाबा, इथे तर 'जीवन'च पाहिजे ना?" म्हणून मी एक नळ सोडून बघितला. मग दुसरा. साबणाच्या वड्या सहाही नळांवर होत्या, कोऱ्या करकरीत.